शिक्क्यावरचे पान

पेन्शनीत निघाल्यावर माणसाकडे लोक गोष्टी मागतात. दरोड्याची सांगा, खुनाची सांगा. मी सांगतोही. पण एक प्रकरण असे आहे की ते सांगायला कोणी म्हणत नाही आणि मला मात्र तेच पहिल्यांदा आठवते. त्यातला मुद्देमाल होता तीन वाळके तुंबे, आणि आरोपी होती एक म्हातारी.

मी तेव्हा जव्हार संस्थानात फौजदार होतो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. वडिलांना सही येत नव्हती. माझा पदवीचा कागद आला तेव्हा त्यांनी त्याला हळदकुंकू लावले, तो डाग अजून आहे. ठाण्यात माझ्या खुर्चीमागे तो कागद मी काचेत लावून टांगला होता. लोक हसत असतील तर हसोत. कष्टाने मिळवलेली गोष्ट झाकून ठेवण्याचा माझा स्वभाव नाही.

त्या वर्षी गावाबाहेरच्या माळावर जुन्या घरांचे प्रदर्शन उभे राहिले. कल्पना एका कारभाऱ्यांची. विलायतेकडे असे करतात हे त्यांनी कुठेतरी वाचले होते. खेड्यातले खरे घर खांबांसकट उचलायचे, दुसरीकडे जसेच्या तसे उभे करायचे, आतली भांडीकुंडी होती तिथेच ठेवायची आणि लोकांनी येऊन पाहायचे. माणूस वाईट नव्हता. "फौजदार, आणखी पन्नास वर्षांनी ही घरे कोणाला बघायला मिळणार नाहीत," असे ते मला कळवळून सांगत. त्यांनी पाच घरे आणली. कुडाच्या भिंतींची, गवताच्या छपराची. शिवाय मोखाड्याच्या घाटातली एक पडीक दगडी चौकी दगडांवर खुणा घालून गाड्यांनी आणली आणि फाटकाजवळ पुन्हा रचली. प्रत्येक घरात वस्तूंपाशी चिठ्ठ्या लावल्या. मौल्यवान वाटलेल्या वस्तूंना लाखेचे शिक्के मारले.

बाजारच्या दिवशी पाड्यापाड्यांवरची माणसे ते पाहायला येत. मुंबईकडचे पाहुणे "वा, वा" करत फिरायचे. आपली माणसे मात्र दारात थबकायची, आत वाकून बघायची, आणि चूल थंड दिसली की गप्प व्हायची. एकदा एका म्हाताऱ्याने राखणदाराला विचारलेले मी स्वतः ऐकले.

"हतली माणसा कठं गेली?"

"माणसं नाहीत, बाबा. नुसती घरं ठेवलीत, बघायला."

"मंग मेली का काय सगली?"

राखणदार भला, पोक्त माणूस होता. म्हाताऱ्याला त्याने आपल्या तंबाखूतली चिमूट दिली.

चैत्र सरत असताना कारभाऱ्यांची लेखी फिर्याद आली. जामसरकडून आणलेल्या घरात कोणीतरी विस्तव करते. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीत हात घातला तर राख कोमट लागते. असे तीनदा झाले. सगळी घरे गवताची, एकमेकांना लागून. पंधरा दिवसांवर मोठे पाहुणे यायचे आहेत. कोणीतरी आग लावण्याच्या बेतात आहे, तरी बंदोबस्त व्हावा.

त्याच दिवशी आमच्या खबऱ्याने कानाशी लागून सांगितले, की राखणदार कारभाऱ्यांवर खार खाऊन आहे. त्याला कायम करतो म्हणाले आणि केले नाही. मला एवढे पुरेसे वाटले. संधी आणि राग एकाच माणसापाशी सापडले की नवा पोलीस पुढे शोधत नाही, ही माझी पहिली चूक.

पंचनाम्याला मी जातीने गेलो. घराच्या आत काळोख आणि धुराचा वास. मधल्या खांबाशी चूल. चुलीच्या वर, छपराच्या वाशाला दोरीने तीन तुंबे टांगलेले; दुध्या भोपळे वाळवून करतात ते, धुराने कोळशासारखे काळे झालेले. खाली चिठ्ठी होती: 'तुंबे, पाणी ठेवण्याचे'. तिन्हींच्या तोंडावर शेणमातीचा लेप आणि त्यावर लाखेचा शिक्का. शिक्के शाबूत होते. प्रत्येक शिक्क्यावर पळसाचे एकेक पान पडलेले होते. मी लिहून घेतले, 'तुंब्यांवर पाने, तीन', आणि पुढे गेलो.

राखणदाराला ठाण्यात आणून बसवले. सकाळपासून दुपारपर्यंत त्याच त्या गोष्टी विचारल्या. तो चिडला नाही, रडला नाही.

"बाजारच्या दिवशी तू फाटक सोडून जातोस की नाही?"

"फाटक नाय सोडत, साहेब."

"मग आत जाणाऱ्यावर लक्ष नको?"

"ठेवतो की. फक्त त्या एका घराकडे बघत नाय."

"का?"

"तिथं एक म्हातारी येऊन बसते. दर बाजारी. तिचंच घर होतं ते, असं लोक म्हणतात. आता माणूस आपल्या घरात बसून रडत असंल तर उभं राहून बघायचं काय, साहेब? मी तोंड फिरवतो."

मला वाटले, हा स्वतःला वाचवायला म्हातारीची ढाल पुढे करतो आहे. तसे मी त्याला बोललोही, आणि बोललो ते बरे बोललो नाही.

आमचे हवालदार तिथलेच, नोकरीत केस पिकलेले. पंचनाम्याच्या वेळी त्यांनी चुलीतली राख कागदात बांधून घेतली होती. ती त्यांनी माझ्या टेबलावर उघडली.

"साहेब, हे बघा. गोवरी ओली होती. पुरती जळलीच नाही, नुसती धुमसली. आणि ही पानं. निरगुडीची."

"मग?"

"घर जाळायला आलेला माणूस सुकं गवत आणील. निरगुडी जाळून कोणी घर पेटवत नाय. तिचा नुसता धूर होतो."

त्या बोलण्याने मी वरमलो. राखणदाराला चहा पाजून घरी पाठवले आणि आम्ही दोघे पुन्हा माळावर गेलो. या खेपेला मी पाचही घरे पाहिली. चार घरांत वाशांखाली जमिनीवर पिवळट भुकटी पडली होती, पिठासारखी. बांबूला भुंगा लागला की पडते ती. आणलेल्या घरांना वर्षही झाले नव्हते, आणि वासे आतून पोखरून चालले होते. जामसरच्या घरात भुकटीचा कणही नव्हता.

पुढच्या बाजाराला मी साध्या कपड्यांत प्रदर्शनात गेलो आणि मोखाड्याच्या त्या जुन्या चौकीत दडून बसलो. हवालदार म्हणाले, "कित्येक वर्षांनी चौकीला पोलीस मिळाला, साहेब." चौकीच्या खिडकीतून जामसरच्या घराचे दार समोर दिसत होते.

दुपार कलताना ती आली. पाठीत वाकलेली, डोक्यावर पानांचा भारा. इतर बायकांसारखीच ती घर बघायला आत गेली. थोड्या वेळाने गवताच्या छपरातून धूर झिरपू लागला, बारीक, निळसर. जेवणवेळी कोणत्याही घरावर दिसतो तसा. खरे सांगतो, ते एकच घर त्या रांगेत घरासारखे दिसत होते. मी उठायला उशीर केला.

आत गेलो तेव्हा ती चुलीपाशी उकिडवी बसून फुंकर घालत होती. आम्हाला बघून दचकली नाही. हातातल्या काठीने तिने वरच्या तुंब्यावरचे वाळलेले पान ढकलून पाडले आणि काठीच्याच टोकावर नवे, हिरवे पान घेऊन अलगद शिक्क्यावर ठेवले. मग म्हणाली, "जरा थांब. दोन ऱ्हायलीत."

आम्ही थांबलो. संस्थानचा फौजदार आणि हवालदार, दोघे हात बांधून.

ठाण्यात तिची जबानी घेतली. ती माझ्याशी 'अरे-तुरे'नेच बोलत होती. हवालदार खेकसले, "म्हातारे, साहेब आहेत ते."

"मंग काय झाला? आयला बी अहो-जाहो करतो का तो?"

मी हवालदारांना हाताने थांबवले. "आजी, विस्तव कशाला करतेस?"

"बियाणा हाय ना वर."

"कसले बियाणे?"

"नागलीचा. तुंब्यात."

"तुंब्यात पाणी ठेवतात ना?"

ती हवालदारांकडे बघून म्हणाली, "याला कोणी हलवून नाय दाखवला?"

हळूहळू सगळी हकीकत निघाली. तिच्या पाड्यावर नागलीचे, म्हणजे नाचणीचे, बियाणे राखायचे काम तिच्या घरचे होते. सासूचे होते, तिच्यानंतर हिचे. पीक निघाले की पाड्यावरचे प्रत्येक घर चांगल्या कणसांचे बी हिच्याकडे आणून देई. ती ते तुंब्यांत भरून, तोंड लिंपून चुलीवर टांगी. रोजच्या धुराने बी कोरडे राही, किडा लागत नसे. पेरणीच्या तोंडावर ज्याचे त्याला परत. उतारावरच्या वरकस जमिनीत येणारी ती जुनी जात आजूबाजूला दुसऱ्या कोणाकडे उरली नव्हती.

"आन मी गेली हुती मोखाड्याला, लेकीच्या बाळंतपणाला. परत आली तं घर नाय. नुसती जमीन. दिरानं आंगठा देला, म्हणला सरकार मान करतो आपला. सायबानं सांगलेला, हाय तसा आना. तं यांनी हाय तसा आनला. तुंबं बी."

"कारभाऱ्यांना सांगितले नाहीस?"

"त्यांच्या कारकुनाला सांगला. तो म्हणला, शिक्का बसला, आता सरकारी झाला, हात लावशील तं आत जाशील." तिने दोन्ही तळवे माझ्यापुढे उघडे धरले. "हात नाय लावला. धूर लावला."

"आणि पाने कशाला ठेवतेस?"

"लाख पातळ व्हते ना धुरानं. शिक्का वितळला तं म्हणाल, म्हातारीनं तोडला."

माझ्या हातातली लेखणी तिथे थांबली. ती बाई दर बाजाराला पहाटे निघून जामसरकडून पायी येत होती. घरात एकटीच असे. राखणदार तोंड फिरवून उभा. लुगड्याच्या ओच्यात तुंबा घालून ती केव्हाही निघून गेली असती. पण शिक्का होता, म्हणून तिने त्याला बोट लावले नाही. उलट आपल्याच बियाण्यावरचा आमचा शिक्का ती पान झाकून जपत होती.

"पेरणी महिन्यावर आली," ती म्हणाली. "सात घरा हायत पाड्यावर. त्यांना काय सांगू?" मग एकदम विचारले, "तुझी आय कठं ठेवते बियाणा?"

मी शेतकऱ्याचा मुलगा. आणि मला उत्तर आठवेना. शाळेसाठी नवव्या वर्षी घर सोडले, सुटीत गेलो तर पाहुण्यासारखा ओटीवर बसलो. मी कागदात डोके घातले आणि "जबानी वाचून दाखवली" एवढे लिहून तिचा अंगठा घेतला.

कारभारी ऐकायला तयार नव्हते. "फौजदार, एक म्हातारी म्हणते म्हणून प्रदर्शनातली वस्तू काढून देऊ? उद्या दुसरी येईल, जाते मागेल. आणि ते दाणे किती जुने आहेत कोणास ठाऊक. मेलेले असतील. पाहुणे येऊन जाऊ देत, मग बघू."

पाहुण्यांचे येणे दोनदा पुढे गेले होते. 'मग बघू' म्हणजे पाऊस. मला त्यांच्यावर हुकूम चालवता येत नव्हता. पण माझ्या हातात एक गोष्ट होती. फिर्याद त्यांनीच दिली होती. मी सरळ पंचांना घेऊन गेलो आणि गुन्ह्याशी संबंध असलेला मुद्देमाल म्हणून तिन्ही तुंबे जप्त केले. कारभारी लालबुंद झाले, पण कायद्यापुढे बोलता येईना.

ठाण्याची मुद्देमालाची खोली दगडी आणि दमट. हवालदारांनी तुंबे हातात घेऊन माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "सुरक्षित जागी ठेवा."

"स्वयंपाकाच्या चुलीवर, साहेब?"

"तशी रोजनाम्यात नोंद करा."

जप्तीची पावती तयार करताना एक तुंबा मी कानाशी धरून हलवला. आत बारीक वाळू सरकल्यासारखा आवाज झाला. इतके दिवस त्या प्रदर्शनात किती शहाणी माणसे येऊन गेली, मी धरून. कोणी हलवून पाहिला नव्हता.

पुढच्या बाजाराला म्हातारी ठाण्यावर आली. थेट मागे स्वयंपाकघरात गेली आणि आचाऱ्याचे वाभाडे काढले. "ह्या काय? सुकी लाकडा? झळ लागते बियाण्याला, धूर नाय. वली गोवरी टाक रं." आमचा आचारी पोलिसांना शिव्या घालणारा माणूस, त्याने निमूट गोवरीवर पाणी शिंपडले. दोन शिपाई ठसकत बाहेर आले. आठवडाभर ठाण्यातला भात धुरकट लागला. कोणी तक्रार केली नाही.

न्यायाधीशांपुढे मी अर्ज केला. नाशवंत मुद्देमाल निकालाआधी मालकाला जामिनावर देता येतो. हे बियाणे आहे, वेळ टळली तर निरुपयोगी होईल. कारभाऱ्यांनी हरकत घेतली: ही प्रदर्शनातली जुनी वस्तू आहे, आतले धान्य मृत आहे, नाशवंत म्हणता येणार नाही. न्यायाधीश वयस्क आणि शांत. म्हणाले, "वाद कशाला? उगवते का ते पाहा."

त्यांच्यासमोर एक शिक्का फोडला. आतून नागलीचे तांबूस, बारीक दाणे ओघळले. चिमूटभर काढून ओल्या फडक्यात बांधले आणि ते फडके वाटीत घालून माझ्या टेबलावर ठेवायचे ठरले, मी जबाबदार. पदवीच्या कागदासमोर ती वाटी तीन दिवस होती. परीक्षेच्या निकालाला मी इतका घाबरलो नव्हतो. दुसऱ्या दिवशी काही नाही. हवालदार दर तासाला येऊन वाकून जात. म्हातारी एकदाच आली, फडके उघडू दिले नाही. "सारखा बघू नका. त्याला लाज वाटते."

तिसऱ्या सकाळी फडक्याच्या विणीतून पांढरी टोके बाहेर आली होती. सुईच्या टोकाएवढी, शेकड्याने.

वाटी घेऊन मी स्वतः गेलो. न्यायाधीशांनी चष्मा पुसून पाहिली आणि अर्ज मंजूर केला. कारभारी बराच वेळ वाटीत बघत उभे होते. हट्टी माणूस, पण प्रामाणिक. फिर्याद मागे घेतो म्हणाले. मग खालच्या आवाजात म्हातारीला विचारले, "माझ्या बाकीच्या घरांना पण धूर द्यावा लागेल का?"

"चार घरा भुंग्यानं खाल्ली तुझी," ती म्हणाली. "आता दे. वाचला तेवढा वाचला."

बियाणे तिने आपल्या फडक्यांत बांधून घेतले. तुंबे रिकामे करून परत दिले. चिठ्ठी तेवढी बदलून घेतली. वाटीतले मोडही तिने सोडले नाहीत, ओल्या फडक्यासकट कमरेला खोचले. मी विचारले, "आजी, घर परत पाहिजे का? तसा अर्ज करू."

तिने माळाच्या दिशेने पाहिले. "घर ऱ्हाव दे. मानसा येतात बघाया. चूल तेवढी थंड पडू देव नको."

तेव्हापासून दर बाजाराला राखणदार पाण्याची घागर जवळ घेऊन पाचही घरांत ओली गोवरी धुमसवत असे. मी त्याची माफी मागितली होती. तो म्हणाला, "साहेब, तुम्ही चहा पाजला तेव्हाच कळलं."

त्या भाद्रपदात तपासासाठी जामसरकडे गेलो होतो. उतारावर सात घरांची नागली गुडघाभर उभी होती. म्हातारी बांधावर होती. तिने मला ओळखले, पण कामातून उठली नाही. हातानेच दाखवले, ही बघ.

या प्रकरणाने मला काय शिकवले, असे कोणी विचारले तर मी सांगतो, की कायद्याला भिणारी माणसे आणि कायदा जपणारी माणसे यांत फरक असतो, आणि तो वरून दिसत नाही. आपण शिक्का मारतो तेव्हा खाली काय जिवंत आहे ते हलवून बघावे. नंतरच्या नोकरीत जप्ती करताना प्रत्येक वेळी मी थांबलो, आणि पंचांना विचारले: हे काय आहे, कोणाचे आहे, कधी लागेल?

पण खरे शिकलो ते त्याच दिवाळीत, रजेवर घरी गेलो तेव्हा. ओटीवर बसलो नाही. सरळ स्वयंपाकघरात गेलो आणि चुलीवर पाहिले. धुराने काळा झालेला तुंबा वाशाला टांगलेला होता. तो मी जन्मल्यापासून तिथेच असणार.

पाटावर चढून मी तो कानाशी धरला आणि हलवला.

आई भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "हळू. पेरायचं आहे ते."